जुन्या यंत्राचा गठ्ठा

हे मी आजवर कुणाकडेच बोललेले नाही. नवऱ्याकडे नाही, बालीगंजला हळदीकुंकवाला जमणाऱ्या आमच्या मराठी बायकांकडे तर नाहीच. त्यांच्या लेखी मी मोठी सरळ बाई.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी कलकत्त्यात एका संगणक केंद्रात होते. आमचा कंपायलर — माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा — भोकं पाडलेल्या कार्डांवर होता. यंत्राच्या प्रत्येक जातीला कार्डांचा वेगळा गठ्ठा. साहेब म्हणाले, वापरातून जात चाललेल्या यंत्रांचे गठ्ठे काढून टाका. आधी ती यंत्रं वापरणाऱ्या सगळ्यांना पत्रं पाठवून विचारा. ते काम माझ्याकडे आलं.

सगळ्यात जुनं यंत्र वापरणारा एकच माणूस उरला होता — निर्मलदा. डमडमकडच्या एका कॉलेजात शिकवायचे, पाच वर्षं त्यावर प्रबंधाची गणितं करत होते. सज्जन माणूस. पण — कसं सांगू? एकदा भर बैठकीत त्यांनी माझी चूक दाखवली होती. हळू आवाजात, हसून. बरोबर होतं त्यांचं, आणि तेच मला झोंबलं. एवढ्याशा गोष्टीचा कुणी डूख धरतं? मी धरला.

त्यांच्याकडची त्या गठ्ठ्याची प्रत ओल लागून वाया गेली होती. आमचाच गठ्ठा शेवटचा. हे मला ठाऊक होतं — कसं, ते सांगते.

साहेबांना मी सांगितलं, कुणाचंच उत्तर नाही. गठ्ठा रद्दीत गेला. थोडी कार्डं मी घरी आणली आणि त्यांच्या मागे डाळ-तांदळाच्या याद्या लिहिल्या. लाज कशी वाटली नाही मला?

महिन्याने निर्मलदा आले. सियालदह स्टेशनला उतरून चालत, घामाघूम. रिकाम्या कपाटापुढे उभे राहिले. मग विचारलं, माझं पत्र मिळालं नाही का? मी म्हटलं, नाही. त्यांनी पोस्टाला दोष दिला आणि उलट माझीच माफी मागितली, उगाच त्रास दिला म्हणून.

प्रबंध राहिला तो राहिलाच. पुढे भेटले की आवर्जून चहा पाजायचे. जीव नकोसा व्हायचा, तरी मी तो प्यायचे. ते गेले तेव्हा त्यांच्या बायकोसमोर तासभर बसले आणि तशीच उठून आले. आता कुणाला सांगू?

पत्र मला मिळालं होतं. दुपारी डबा खाताना मी ते दोनदा वाचलं. आपली प्रत ओलीने गेल्याचं लिहून ‘फक्त सहा महिने थांबा,’ एवढंच मागणं होतं त्यात. डब्याच्या पिशवीत घालून मी ते घरी आणलं. अजून माझ्याकडेच आहे.