शेवटच्या घरातलं भजन

कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला मी डिझाइन शिकवते. माझी अट एकच: ॲप बनवा, लोकांच्या हातात द्या आणि काय होतं ते डोळे उघडे ठेवून बघा. संशोधनाची सुरुवात तिथूनच होते. मुलांना वाटतं, बाई उगाच छळतात.

एका मुलीने चतुर्थीच्या भजनांचं ॲप केलं. आमच्याकडे गणपतीत भजनी मंडळी वाडीतल्या घराघरांतून फिरतात आणि पोचतील तिथे गरम उसळ तयार हवी. मंडळी कुणाकडे किती वाजता येणार, ते हे ॲप अगदी बरोबर सांगायचं. तिने ते वाडीत सगळ्यांना दिलं आणि दुसऱ्याच दिवशी तिचा रडवेला फोन.

"मॅडम, कोणी उघडून बघूक नाय. माका विषय बदलून देवा. सगळे हजेरीचा ॲप करतत, मीय ताच करतंय."

माझं डोकं फिरलं. "विषय बदललंस तर याद राख! ॲप नाय तरी लोकांका कळता कसा, ता आधी इचार."

गणपती अजून बसलेले होते. ती स्वयंपाकघरं पालथी घालत फिरली. घड्याळ कुणीच बघत नव्हतं. शेजारच्या घरातला मृदंग ऐकू आला की उसळ चुलीवर चढायची. फक्त व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या शेवटच्या घरात काही ऐकू यायचं नाही, आणि तिथे उसळ एक तर गारढोण, नाहीतर कच्ची. ते घर तिचंच होतं.

तिने स्क्रीनच काढून टाकली. एक फोन मंडळींबरोबर फिरायचा, दुसरा तिच्या घरी त्यांचं भजन ऐकवायचा. मंडळी लांब असताना बारीक, जवळ येतील तसं मोठं. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी मी मुद्दाम तिच्याकडे गेले. आवाज वाढला तशी तिची आई उठली. "इले गो!" म्हणत तिने उसळ चुलीवर ठेवली. मंडळी ओटीवर टेकली तेव्हा ताटल्यांतून वाफा येत होत्या. मला इतका अभिमान वाटला की मी दोनदा उसळ मागून घेतली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "स्क्रीन कुठे आहे? ॲपशिवाय मार्क कसे द्यायचे?"

उत्तर तिने द्यायचं होतं.

"सर, स्क्रीनचं ॲप फसलं. का फसलं, हेच माझं संशोधन," ती शांतपणे म्हणाली आणि तिने त्या संध्याकाळचं रेकॉर्ड केलेलं भजन लावून टेबलावर फोन ठेवला.

लांबवरचा मृदंग वाजू लागला. आवाज हळूहळू वाढला. परीक्षकांचं पेन थांबलं.

"आले वाटतं," ते म्हणाले आणि दाराकडे बघायला लागले.