आईच्या खिडकीखालचा ड्रम

आई आमच्याकडे राहायला यावी म्हणून मी दोन वर्षं तिच्या मागे लागले होते. मुलीच्या घरी कसं राहायचं, जावयाला काय वाटेल, लोक काय म्हणतील, तिची कारणं काही संपेनात. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. जुन्या वस्तीतल्या एका खोलीत ती एकटी असायची आणि इकडे सातपूरच्या कारखान्यात, ऑफिसात डबा उघडला की ती जेवली असेल का, हेच माझ्या मनात यायचं. शेवटी नवऱ्यानेच तिला गळ घातली. "आई, मला सेकंड शिफ्ट असली की ही घरात एकटी असते. हिला सोबत म्हणून तरी चला." त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक पत्र्याची पेटी घेऊन ती आली. आली, पण 'बघू, किती दिवस जमतंय' असं दारातच सांगून आली. ती कायमची राहावी, एवढंच मला हवं होतं.

आई शहराच्या सफाई खात्यात होती. तीस वर्षं तिने रस्ते झाडले, कोंडाळी उपसली आणि मला टायपिंगच्या क्लासला घातलं. मी ऑफिसात खुर्चीवर बसते हे ती भेटेल त्याला सांगायची. आता तिने बसून खावं आणि मी तिचे लाड करावेत, असा माझा बेत होता. त्यात मी स्वतःच्या हाताने खोडा घातला.

तळमजल्याच्या आमच्या घरामागे चादरीएवढी मोकळी जागा होती. तिथे मी दोन गुलाब लावले होते. एक लगेच मेला, दुसरा मरायच्या वाटेवर होता. तेवढ्यात आमच्या ऑफिसात एका बाईंचं व्याख्यान झालं : घरच्या कचऱ्यापासून खत कसं करावं. माझा स्वभाव असा की डोक्यात शिरलं की मला दम निघत नाही. रविवारी भंगारवाल्याकडून झाकणाचा निळा ड्रम आणला. नवऱ्याला त्याच्या बाजूंना हवेसाठी भोकं पाडायला बसवलं. त्याने सहा पाडली आणि 'पुरे' म्हणून झोपायला गेला, कारण रात्रपाळी करून आला होता. सावली एकाच ठिकाणी होती, आईच्या खोलीच्या खिडकीखाली. ड्रम तिथे ठेवला.

व्याख्यानातल्या बाईंनी ओल्याबरोबर सुकंही टाका असं सांगितलं असणार. मी ते ऐकलं नसणार. शिवाय आमच्या घरात अन्न टाकणं हे पाप. आईने लहानपणी ताटात एक शीत राहू दिलं नाही. त्यामुळे शिळा भात, आंबलेली आमटी, उरलेलं पिठलं, सगळं मी त्या ड्रममध्ये ओतू लागले आणि वाया जात नाही म्हणून वर खूशही होऊ लागले. वास बाहेर येऊ नये म्हणून झाकण घट्ट लावायचे. एवढा शहाणपणा एका वेळी एकाच माणसाला सुचू शकतो.

पहिल्याच आठवड्यात आईने मला बघितलं. मी कोपरापर्यंत हात घालून भाजीची देठं खाली दाबत होते. ती दारात उभी राहिली.

"हे काय करतीस?"

"खत करतेय, आई."

"हात काढ आधी." तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "तीस वर्सं मी लोकांचा कचरा उचलला. कशापायी? तर तुझ्या हाताला लागू नये. अन् तू तो घरात साठवतीस? हौस म्हनून?"

"हा कचरा नाही गं, खत आहे."

"खत व्हईल तवा व्हईल. आज कचराच हाय."

मीही तिचीच मुलगी. मीही तोंड सोडलं. शास्त्र सांगितलं, पर्यावरण सांगितलं, शिकलेल्या बायकासुद्धा करतात म्हणून सांगितलं. हे शेवटचं बोलायला नको होतं. ती तडक आत गेली आणि त्या रात्री जेवताना भाजी मला मागून घ्यावी लागली.

पुढे आठ-दहा दिवसांत ड्रमने आपले रंग दाखवले. तळाशी काळं पाणी साचलं, वर पांढऱ्या अळ्या वळवळू लागल्या. वास तर असा, की वरच्या मजल्यावरच्या वहिनी नाकाला पदर लावून खाली आल्या. आईची खिडकी बंद झाली ती उघडेना. शुक्रवारी संध्याकाळी मी घरी आले तर ती पेटी भरत होती. "उद्या जाते," एवढंच म्हणाली.

माझं धाबं दणाणलं. खत गेलं खड्ड्यात, आई जायला नको. सकाळी घंटागाडी आली की ड्रम त्यात रिकामा करायचा, घासूनपुसून भंगारवाल्याला परत द्यायचा, असं ठरवून टाकलं.

शनिवारी घंटा वाजली तशी मी ड्रम फरफटत फाटकाशी नेला. गाडीमागे माझ्याच वयाची एक बाई होती, साडीवर पुरुषाचा जुना शर्ट घातलेली. लोकांच्या बादल्या घेऊन ती गाडीत पालथ्या करत होती. ड्रम बघून ती घुटमळली.

"घे गं, टाक पटकन," मी तिला म्हणाले. 'अहो' नाही, 'ताई' नाही. मला घाई होती.

"थांब!" मागून आईचा आवाज आला. ती अनवाणीच बाहेर आली होती. "हे वतलं की तिच्या अंगावर येनार. पानी हाय त्यात. दिसभर ती त्याच वासात भाकर खाईल. कळतंय का तुला?"

ती बाई संकोचून म्हणाली, "राहू द्या मावशी. आम्हाला सवय आहे."

"सवय व्हत नाय, बाई," आई म्हणाली. "मी तीस वर्सं केलंय."

गाडी पुढे गेली. मी ड्रमचा काठ धरून तशीच उभी होते. आईबद्दल मला किती अभिमान आहे हे मी मैत्रिणींना सांगत आले होते. पण तिच्या जागी दुसरी बाई उभी राहिली तेव्हा मला ती दिसलीच नाही. ती लाज मला आजही वाटते, आणि आईने मला त्या क्षणी अडवलं याचे उपकार मी विसरत नाही.

"आता?" मी रडवेली होऊन विचारलं.

"आता हात घाल. तूच निस्तर."

"त्या दिवशी तर म्हणालीस, माझ्या हाताला कचरा लागू नये म्हणून..."

"ते येगळं. मी उचलला तो दुसऱ्याचा व्हता. ह्यो तुझा हाय."

तिने मागच्या अंगणात दोन गोणपाटं अंथरली आणि पदर खोचून शेजारी बसली. एका बागेबाहेरचा रस्ता झाडताना ती पाल्याचे ढीग तिथल्या माळ्याला नेऊन द्यायची. तो खड्ड्यात खत कसं करतो हे तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. शिजवलेलं सगळं वेगळं काढून मी कोपऱ्यात खोल पुरलं. बाकीचं उन्हात पसरलं. रस्त्यावरच्या बदामाखालचा वाळका पाला पोतंभर आणला, सुताराकडून भुसा आणला. एक थर ओला, त्यावर दुप्पट सुका. दर तिसऱ्या दिवशी काठीने खालवर. नवऱ्याने संध्याकाळी मुकाट्याने आणखी तीस भोकं पाडली.

शनिवार गेला. पेटी तशीच भरलेली होती. रविवारी आई म्हणाली, "तुझ्याच्यानं ह्ये व्हायचं नाय. म्हैनाभर बघावं लागंल." मी मान खाली घालून 'हो' म्हणाले. माझ्या धांदरटपणाचे मी जन्मात पहिल्यांदा आभार मानले.

होळीच्या सुमारास ड्रममधून काळंभोर, भुसभुशीत खत निघालं. त्यात मेथी उगवली, टोमॅटो आले, तो गुलाबही जगला. महिन्याची आठ वर्षं झाली. आई शेवटपर्यंत आमच्याकडेच होती, आणि ओल्या कचऱ्याचं एक सालटंही तिने कधी फाटकाबाहेर जाऊ दिलं नाही. कागद आणि प्लास्टिकही धुऊन, बांधून भंगारवाल्यासाठी ठेवायची.

तरी रोज सकाळी घंटा वाजली की ती लगबगीने बाहेर जायची. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका बादल्या घेऊन उभ्या असायच्या. आई एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात चहाचा कप घेऊन उभी असायची. गाडी आमच्या फाटकाशी आली की ती त्या बाईला म्हणायची, "आमच्या घरचं काय नाय उचलायचं, पोरी. हात धू, अन् दोन मिन्टं बस."