सी अब्दुलखालिक यांची शाळा आणि वक्फ

रहिमो तव्यावर म्समन, म्हणजे चौकोनी घडीच्या पोळ्या, शेकत होती आणि तिचा नवरा अयाशी पुदिना निवडता निवडता निम्मी पानं देठांबरोबर टाकून देत होता. देठांचाच चहा करू का, असं ती विचारणार तेवढ्यात दार वाजलं. दारात सी अब्दुलखालिक, म्हणजे अब्दुलखालिकसाहेब, तिच्या शाळेचे मुख्याध्यापक. अंगात टोपीवाला लांब झगा, जेलाबा, पायात घरातल्याच चपला, हातात तिनं काल दिलेला कागद. चेहऱ्यावरून वाटत होतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा.

तेतवान शहरातल्या त्या खाजगी शाळेत रहिमो गणित शिकवते. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षरावरची एक मात्रा जरा सरकली तरी सगळी पाटी घासून पुन्हा रंगवायचे, आणि गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळू द्यायचे. ती नजर मुलीत उतरली. कॉम्प्युटरवर लिहिण्यासाठी ती जो प्रोग्राम वापरायची तो खुला होता. कुणीही घ्यावा, उघडून पाहावा, दुरुस्त करावा. पण त्यात अरबी मात्रा लग्नघरातल्या बायकांसारख्या एकमेकींच्या अंगावर चढायच्या. रहिमोला ते बघवेना. शुक्रवारी कुसकुस वाफेवर ठेवायचं आणि पुढची वाफ येईपर्यंत चार ओळी लिहायच्या, असं करत तिनं प्रोग्रामिंग शिकून घेतलं आणि मात्रांना जागेवर बसवलं.

प्रोग्राम सांभाळणारे लोक खूश झाले, पण दुरुस्ती आत घेईनात. त्यांचा नियम असा की आपल्या ओळींवरचा हक्क त्यांच्या अमेरिकेतल्या संस्थेच्या नावे लिहून द्यायचा, म्हणजे उद्या कुणी उठून त्यांना कुलूप लावायला नको. आणि नोकरी करत असाल तर मालकाचंही पत्र हवं. ते आलं नाही, तर मात्रा पुन्हा एकमेकींच्या डोक्यावर.

रहिमोची चूक एवढीच, की पत्राचा इंग्रजी मसुदा सी अब्दुलखालिकना कळावा म्हणून तिनं समासात अरबीत एक शब्द लिहिला होता: हबूस. म्हणजे वक्फ. एकदा दिलं की विकता येत नाही, परत मागता येत नाही.

"लल्ला रहिमो, मी तुमचं काय वाईट केलं?" सी अब्दुलखालिक उंबऱ्यावरूनच म्हणाले. "शाळा अजून माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे, आणि तुम्ही ती अमेरिकेला वक्फ करायला निघालात?"

अयाशीनं तोंड पुदिन्यात लपवलं. रहिमोनं त्यांना बसवलं, चहा ओतला आणि शाळा नव्हे, फक्त आपल्या ओळी द्यायच्यात, हे समजावलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. पण मध लावून म्समनचा दुसरा घास घेताना त्यांच्या मनात वेगळंच आलं. फुकट द्यायच्या वस्तूला एवढे कागद लागतात, म्हणजे तिला मोल असणार. मग त्यांनी हळूच विचारलं, हे सगळं शाळेच्या कॉम्प्युटरवर तर नाही ना केलंत?

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. अयाशीनं तिच्याकडे तसं पाहिलंही. पण रहिमोनं खरं ते सांगितलं: लिहिलं सगळं घरी, फक्त परीक्षेचा पेपर छापताना शाळेत एकदा करून पाहिलं.

"मग निम्मं शाळेचं."

"तर मग निम्मं आमच्या कुसकुसच्या भांड्याचं," अयाशी म्हणाला. "बाकी सगळं त्याच्या शेजारी बसून लिहिलंय तिनं. त्यालाही सहीला बोलवा."

सी अब्दुलखालिकना ठसका लागला, मग हसू आलं, आणि हसता हसता यंदाचा पेपर आठवला. अक्षरं लागत नाहीत अशी पालकांची दरवर्षीची तक्रार यंदा एकही आली नव्हती. त्यांनी बोटांवरचा मध पुसला. इतकी वर्षं शाळेत आहात, कधी काही मागितलं नाहीत, म्हणाले. मागा आता. वरचा वर्ग हवा? दर्शनी फलकावर नाव हवं?

रहिमोनं कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"हे तुमचं नाही, एवढं लिहून द्या."