क्रूझचं दुसरं तिकीट

मंडळी, आज माझ्या महागड्या क्रेडिट कार्डाचा पहिल्यांदाच उपयोग केला आणि आता नुसती दमून बसलेय.

या कार्डावर क्रूझ बुक केली की दुसऱ्या प्रवाशाचं तिकीट फुकट मिळतं, वर बाल्कनीवाली खोली. ऑफरचा आज शेवटचा दिवस होता. हेल्पलाइनवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, दुसरं नाव कोणाचं?"

मी तिला एक मिनिट थांबायला सांगितलं. आईला अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी आणि माझी बहीण मेधा एकत्र कुठेही गेलेलो नाही. एकीला घरी थांबावंच लागतं.

"तू मैत्रिणीला घेऊन जा," मेधा म्हणाली.

"तूच जा ना. मला फक्त झोप हवीये गं."

तेवढ्यात पलंगावरून आई अडखळत बोलली, "दोघी जा. तुमची तोंडं बघून मलाही कंटाळा आलाय."

आम्ही हसलो आणि मी मेधाचं नाव सांगून टाकलं. बुकिंग झालं. पण आनंद व्हायच्या आधीच काळजी सुरू झालीये.

बोरिवलीत चार दिवस घरी राहील, आईला नीट उचलून बसवेल, अशी विश्वासाची बाई कोणाच्या माहितीत आहे का? आणि घरी आजारी माणूस ठेवून तुम्ही कधी गेला असाल, तर खरं सांगा, तिथे झोप लागली का हो?