सोळावर की आठवर

गल्लीत त्याला सगळे ओहमभाऊ म्हणायचे आणि त्याची त्याला हरकत नव्हती. गिटारचा आवाज मोठा करणारे जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे अँप दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. कुणी अँप उचलून पायरी चढलं की 'या, बसा'च्या आधी प्रश्न यायचा, "स्पीकर किती ओहमचा?" घरी व्याही आले तरी हा माणूस आधी ओहमच विचारेल, असं त्याची बायको म्हणायची.

माणूस भित्रा, पण भिण्याला कारण होतं. बाविसाव्या वर्षी, मालकाच्या दुकानात शिकत असताना, त्याने स्पीकर न जोडताच एक अँप चालू केला होता. आवाज येईना म्हणून शहाण्याने बटण आणखी फिरवलं. व्हॉल्व्हच्या अँपला पुढे स्पीकरचं ओझं लागतं. ते नसलं की तो स्वतःचाच ट्रान्सफॉर्मर जाळून घेतो. तो जळका वास पुढची चाळीस वर्षं त्याच्या नाकातून गेला नाही. तेव्हापासून आधी स्पीकर, मग वीज आणि प्रत्येक आकडा दोनदा वाचायचा. त्यानंतर आपल्या हातून एकही ट्रान्सफॉर्मर गेला नाही, हे तो समोरचा जांभया देईपर्यंत सांगायचा.

त्या दिवशी दुपारी भाची तिचा अँप घेऊन गेली. तो मूळचा तिच्या वडिलांचा, म्हणजे ओहमभाऊच्या मेहुण्याचा. मेहुणे राहिले नाहीत, आणि त्या अँपचा ट्रान्सफॉर्मर ज्याने हाताने गुंडाळला तो कारागीरही राहिला नाही. ट्रान्सफॉर्मर जळला तर तसा दुसरा मिळणार नव्हता. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये भाची वाजवणार होती. आवाज कमी ठेवा, असं हॉलवाल्याने बजावलं होतं. म्हणून ओहमभाऊने तिला अटेन्युएटर दिला. अँप आणि स्पीकर यांच्या मध्ये बसणारी ही डबी. अँप पूर्ण जोरात चालतो, त्यातला बराचसा जोर डबी गिळते आणि स्पीकरपर्यंत थोडाच पोचतो. डबी आठ ओहमची, भाचीची स्पीकरची पेटीही आठची. तेव्हा अँपच्या मागचा, ओहम निवडायचा खटका आठवर हवा. एवढंच.

जेवून डुलकी काढून तो टेबलापाशी आला आणि जागीच थांबला. टेबलाशेजारी त्याची तपासणीची पेटी उभी होती. सोळा ओहमची. वायर अजून तिच्यातच होती. म्हणजे काल भाचीचा अँप त्याने या पेटीवर तपासला होता, आणि त्यासाठी खटका सोळावर नेला होता. नेलेला त्याला आठवत होता. परत आठवर आणला होता का?

त्याने डोळे मिटले. सोळावर जाणारी आपली बोटं त्याला स्वच्छ दिसली. परत येणारी दिसेनात.

त्याने भाचीला फोन लावला. बंद. मग बायकोला लावला. पेटीचं दुसरं टोक धरायला ती भाचीबरोबर गेली होती. तिचा फोन स्वयंपाकघरात, फ्रीजवर वाजला. मग त्याने चपला पायात अडकवल्या आणि बस पकडली.

बस प्रत्येक सिग्नलला थांबत होती. खटका सोळावर आणि ओझं आठचं, म्हणजे व्हॉल्व्हमधून नको इतकी वीज ओढली जाणार. ते आतून लालबुंद होणार, आणि त्यांच्या पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर. शिवाय मध्ये ती डबी. बाहेर आवाज हळू, गोड येणार, पोरगी खूश होऊन अँप पूर्ण वर नेणार, आणि आत काय चाललंय ते वास येईपर्यंत कुणाला कळायचं नाही. ती डबी त्यानेच दिली होती.

"काका, बरं वाटत नाही का?" शेजारच्याने विचारलं.

"कसला वास येतोय का तुम्हाला?"

"नाही बुवा," म्हणत तो गृहस्थ उठून मागच्या सीटवर जाऊन बसला.

ओहमभाऊची भीती आता फक्त ट्रान्सफॉर्मरची राहिली नव्हती. गेल्या महिन्यात तो फ्यूज आणायला गेला होता आणि दुकानात उभा राहून कशाला आलो ते आठवत बसला होता. वय झालं म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं. पण खटका फिरवायला विसरणारा माणूस कुणाच्या अँपला हात लावायच्या लायकीचा नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? हा विचार तो ढकलत होता आणि तो परत येत होता.

हॉलमध्ये शिरला तेव्हा भाची वाजवत होती. तो स्टेजच्या मागून तडक अँपपाशी गेला, गुडघे टेकले आणि नाक लावलं. वास नव्हता. व्हॉल्व्ह मंद नारिंगी, जसे असावेत तसे. त्याने चष्मा पुसून खटका पाहिला. आठवर होता. त्याने तो पुन्हा पाहिला आणि तिथेच भिंतीला टेकून बसला. जिवात जीव आला.

खुर्च्यांमधून बायको लगबगीने आली. "अहो, तुम्ही इकडे कसे?"

"अगं, खटका सोळावर राहिला असं वाटलं मला. पण नाही, आठवरच आहे. मी फिरवला होता. उगाच घाबरलो."

तिने 'हो' म्हणायला हवं होतं. पण ती हळूच म्हणाली, "सोळावरच होता. सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी फिरवला."

"तू?"

"तीस वर्षं तुमच्या टेबलाशेजारी बसून शिवण करतेय. आकडे मलाही वाचता येतात."

"एवढंच ना? हाच एक?"

तिने नकारार्थी मान हलवली. "वर्ष झालं. प्रत्येक अँप जायच्या आधी बघते मी."

तो चिडला, कारण घाबरण्यापेक्षा चिडणं सोपं होतं. "आणि मला सांगितलं नाहीस? वर्षभर लपवून ठेवलंस?"

पुढे भाचीचं वाजवणं संपलं, टाळ्या झाल्या. बायको त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

"लपवलं नाही हो," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही असंच चिडून हेच विचारलंत."

ओहमभाऊने आठवून पाहिलं. एकही वेळ त्याला आठवेना.