खोकल्यावर गूळ

तुमसरच्या ज्या राइस मिलमध्ये बाबा ऑपरेटर होते, तिच्याच आवारात आमची खोली होती. दिवाळीनंतर धान यायला लागलं की धूळ भांड्यांवर, पुस्तकांवर, पापण्यांवर बसायची आणि सगळेच खोकायचे. पाळी संपली की मिलमधले लोक गुळाचा खडा चघळत. घशातली धूळ उतरते म्हणत. बाबाही कागदात गूळ बांधून आणायचे आणि आम्हा दोघी बहिणींच्या हातावर ठेवायचे. त्यामुळे त्या हिवाळ्यात धाकटी खोकायला लागली तेव्हा घरात कुणी दचकलं नाही. तिला दोन खडे मिळू लागले, एवढंच.

ती तेव्हा अठरा वर्षांची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या पेनांच्या पाऊचमध्ये मला ते दिसलं होतं. फिकट निळं. हायलाइटर समजून मी त्याचं टोपण शोधत होते.

"ताई, ठेव ते. व्हेप आहे."

"सिगारेट?"

"धूर कुठे आहे त्यात? नुसती वाफ ओढायची. आंब्याचा फ्लेवर आहे. तू तं अशी पाहून राहिली, जशी मी बिडीच ओढली."

"आईले सांगू?"

"सांग नं. तेवढेच चार शब्द निघतील तुह्या तोंडून."

ते मला लागलं. आईला मी सांगितलं नाही.

इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून घरातलं इंग्रजी वाचणं माझ्याकडे असायचं, गोळ्यांच्या पाकिटापासून मिक्सरच्या कागदापर्यंत. त्या व्हेपच्या डबीवरचंही मी वाचलं. बारीक अक्षरात निकोटीन लिहिलेलं होतं. वाचून डबी परत ठेवली. इतक्या नीटस डबीतलं काही माणसाला पाडेल, हे मला खरंच वाटलं नाही. एकदा खिडकीशी उभं राहून मीही एक झुरका घेतला होता. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

जानेवारीत तिला ताप आला, उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याची बादली घेऊन चार पावलं चालली आणि तिथेच खाली बसली. तिचे ओठ निळसर दिसत होते. बोलायला गेली, पण वाक्य पुरं होईना.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. दोन्ही फुफ्फुसं दुधात बुडवल्यासारखी पांढुरकी दिसत होती. त्यांनी काही विचारायच्या आधीच बाबा बोलले, "मिलची धूळ लागली तिले, बाई. माह्यामुळंच झालं. मी सोडतो ती नोकरी, खोली बी सोडतो. पोरगी वाचली पाहिजे."

बाई धुळीबद्दल लिहू लागल्या. "आणखी काही सवय? तंबाखू वगैरे?"

"नाही जी!" आई जवळजवळ ओरडलीच. "पोरगी हाय ते!"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मास्कसकट ती मानेनेच नाही-नाही म्हणत होती. बाईंचं पेन कागदावर चालूच होतं. चुकीचा आजार लिहिला जात होता, आणि खरा मला माहीत होता. मी बोलले, पण इंग्रजीत. बाबांना कळू नये म्हणून.

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी मात्र उत्तर मराठीत दिलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "किती महिन्यांपासून ओढते? ती नुसती वाफ नसते. त्यातला द्रव तापला की त्याचा फवारा थेट फुफ्फुसात जातो. तिथे सूज येते. त्यानेच हे झालं असेल, तर धुळीवरच्या औषधात आपला वेळ गेला असता. विकायलाही बंदी आहे त्याला, तरी पोरांना मिळतंच."

बाबा कितीतरी वेळ एक्स-रेकडेच पाहत राहिले. एवढी वर्षं धूळ खाऊन त्यांची छाती शाबूत होती, आणि हिची ही अशी.

औषधं बदलली. आठव्या दिवशी तिचा ऑक्सिजन निघाला. जिना चढताना ती अजूनही मधल्या पायरीवर थांबते.

ऑक्सिजन निघाला त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबांनी मला विचारलं, "तुले पहिलेपासून मालूम होतं?"

"हो."

"अन् मी गूळ देऊन राहिलो होतो."

ते माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली, तिच्यासाठी आणलेली. ती कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी ती तशीच धरून बसले. खोकला मला नव्हताच.