सत्य सांगायला लावलं ते
एका भल्या माणसाला मी खरं बोलायला लावलं. खडूचा वास आला की ते अजून आठवतं. रत्नागिरीत वाचनालयाच्या फळ्यावर मी रोज सुविचार लिहायचो, तेही स्वतः रचून. ‘सत्याने तुटतं ते नातंच नव्हे’ हा माझा लाडका. शेजारचा तरुण मुंबईला गिरणीत होता, संपात त्याचं काम सुटलं होतं. लांज्याला मुलगी बघायला निघताना त्यानं विचारलं, ‘दादा, सांगू काय?’ मी ऐटीत माझा सुविचार ऐकवला. मुलगी त्याला मनापासून आवडली, तरी पोहे खाताखाता त्यानं सांगितलंच. तिचे वडील ‘कळवतो’ म्हणाले, ते अजून कळवतायत. तो एकटाच राहिला. परवा त्याच्यासाठी हळहळलो, तर बायको म्हणाली, ‘मला बघायला आलात तेव्हा तुमची नोकरी कच्ची होती, ते बोललात काय?’